ठगांचा पंथ आणि गिरडची टेकडी

१८९५ साली इटालीतील एमिलिओ साल्गारी या कादंबरीकाराने 'काळ्या अरण्याची रहस्ये' अशा अर्थाच्या नावाची एक अद्भुत कादंबरी प्रसिद्ध केली. गंगेच्या मुखाशी, सुंदरबनातील रायमंगल बेटावर, भूगर्भातील एका मंदिरात कालीमातेपुढे नररक्ताचे अर्घ्य देणारे ठग, त्यांचा सुयोधन नावाचा क्रूर महंत, देवीची सेविका म्हणून त्या मंदिरात कोंडून ठेवलेली एक गौरवर्ण कुमारिका आणि प्राण पणाला लावून तिला सोडवू पाहणारा त्रेमाल-नाईक नावाचा शिकारी, असा तिचा संभार आहे. या शिकाऱ्याचा इमानी सोबती कम्मामुरी हा जातीचा मराठा म्हणून रंगविलेला आहे. व्हेरोना नगरात १८६२ साली जन्मलेल्या आणि १९११ साली तुरीन येथे आपल्या हाताने जीवनाचा अंत करून घेतलेल्या या लेखकाने हिंदुस्थानचे दर्शन कधीही घेतले नव्हते. ग्रंथालयातील प्रवासवर्णने आणि नकाशे एवढ्याच सामग्रीवर त्याने हे सारे विश्व उभारले, आणि इटालीतील मुलांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. १९५४ साली त्या कादंबरीवर चित्रपट निघाला, त्यात पूर्वी टारझन झालेला लेक्स बार्कर हा त्रेमाल-नाईक झाला. पुढे इटालियन भयपटांचा जो मोठा प्रवाह सुरू झाला, त्यातील १९९१ सालचा मिकेले सोआवी दिग्दर्शित 'ला सेत्ता' पाहिला तर देश बदललेला, काळ बदललेला, काली जाऊन तिच्या जागी सैतान आलेला, परंतु सांगाडा मात्र तोच दिसतो: चारचौघांत मिसळून राहणारी, कोणालाही ओळखू न येणारी माणसे, त्यांचा वृद्ध सूत्रधार, जमिनीखालची विहीर, आणि तिच्या नकळत पंथाने एका कार्यासाठी हेरून ठेविलेली एक निष्पाप शिक्षिका.

हा सांगाडा कोठून आला, असा प्रश्न मनात धरून मागे जाऊ लागले म्हणजे त्याच्या अनेक वाटांपैकी एक ठळक वाट आपल्याला तुरीनहून निघून पॅरिसमार्गे थेट जबलपूरच्या कचेरीत आणि तेथून नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात आणून सोडते. विदर्भातील वाचकाने या इतिहासाकडे परक्या देशाची कथा म्हणून पाहण्याचे म्हणूनच कारण नाही.

१८०३ च्या अखेरीस देवगावच्या तहाने रघूजी भोसल्यांच्या हातून कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गेले. दौलतीचे उत्पन्न घटले, शिबंदीचे पगार तुंबले, आणि ज्यांच्या हाती कालपर्यंत भाला होता अशी माणसे गावोगाव रिकाम्या पोटी फिरू लागली. त्यातच पेंढाऱ्यांच्या धाडी पावसाळा संपला की नर्मदा ओलांडून खाली उतरत. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, आणि रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने अल्पवयी राजाच्या नावे नागपूरचा कारभार आपल्या हाती घेतला. या पंधरा वर्षांच्या धामधुमीत मुलखातील ठाणी आणि चौक्या नावापुरत्या उरल्या होत्या. ज्याला लखनादोन-शिवनीच्या रानातून जबलपूरकडे अथवा सातपुडा उतरून खानदेशात जावयाचे असेल तो प्रवासी एकटा निघत नसे; सोबत मिळेपर्यंत धर्मशाळेत मुक्काम करी, आणि सोबत मिळाली म्हणजे देवाचे आभार मानी. त्या काळी याच गोष्टीने अनेकांचा घात केला.

कारण ती सोबतच ठगांची असे. बारा-पंधरा भली माणसे, कोणी शिपाई, कोणी व्यापारी, कोणी यात्रेकरू अशा वेषात वाटेत भेटत; गोड बोलून विश्वास संपादन करण्याचे काम ज्याच्याकडे असे त्याला त्यांच्या रामसी बोलीत सोथा म्हणत, फास आवळणाऱ्यास भुर्तोट आणि खड्डा खणणाऱ्यास लुघा. दिवसेंदिवस एकत्र चालणे, एकत्र जेवणे, एकमेकांची सुखदुःखे ऐकणे चाले, आणि मग आधीच ठरलेल्या एखाद्या आमराईत, पहाटेच्या अंधारात, तमाखू मागविण्यासारखे एखादे निरुपद्रवी वाक्य कोणी उच्चारी. तीच खूण. रुमालाच्या एका पिळात माणूस संपे, प्रेत पुरले जाई, त्यावर चूल पेटवून जागा सारखी केली जाई, आणि टोळी पुढे चालू लागे. ज्याचे घर शेकडो कोस दूर आहे, तो न परतला तर वाघाने नेला, पटकीने गेला, की दूर देशी रमला, हे घरच्यांनी कशावरून ठरवावे? या गुन्ह्याचे सारे सामर्थ्य अंतरात आणि मौनात होते.

ठगांच्या जबान्यांत नागपूरच्या वाटेवरील दोन हत्याकांडे मृतांच्या संख्येवरूनच ओळखली जात: एक साठ जणांचे आणि एक चाळीस जणांचे. पहिल्यात गाविलगड इंग्रजांच्या हाती पडल्यानंतरच्या काळात भोसल्यांच्या चाकरीतील एका कुटुंबाची माणसे, बायकामुलांसह, उत्तरेकडे निघाली होती. एवढा मोठा काफिला, त्यात शस्त्रधारी माणसे, तरीही ठगांच्या अनेक टोळ्या एकमेकींना निरोप पाठवीत त्याच्या मागेपुढे चालत राहिल्या आणि पुष्कळ मजला सोबत केल्यानंतर त्यांनी सर्वांना एकाच वेळी गाठले. हे वाचताना ज्या गोष्टीने मन सर्वांत अधिक विदीर्ण होते ती म्हणजे मारेकऱ्यांनी इतके दिवस त्या मुलांना खेळविले असले पाहिजे.

या व्यवहाराला एक दुसरे, हिशेबी अंगही होते, आणि ते अमरावतीच्या पेढीवरून चांगले दिसते. अमरावतीचा धनराज सेठ हा त्या काळचा मोठा सावकार. त्याचा रोख खजिना घेऊन जाणारी माणसे खानदेशच्या वाटेवर ठगांनी मारली आणि ऐवज लुटला. सेठजींनी काय करावे? त्यांच्या गुमास्त्यांनी संस्थानी दरबारांत खटपटी करून कैदेतील ठगांची सुटका करविली आणि त्या उपकाराच्या बदल्यात गेलेली रक्कम वसूल करण्याचा प्रयत्न केला. चंबळ-यमुनेच्या दुआबातील जमीनदार ठगांना आपल्या गावांत आसरा देत, त्यांच्या घरांवर पट्टी बसवीत आणि लुटीत वाटा घेत; तेथील शिंदेशाहीच्या अंमलदारांनाही ही माणसे कोण आहेत हे ठाऊक होते. ज्यांच्यावर पट्टी आकारली जाते आणि ज्यांच्याशी सावकाराची पेढी देवघेवीची बोलणी करते, त्यांना भूगर्भातील मंदिरात दडलेला अज्ञात पंथ कसे म्हणावे?

परंतु जगाने त्यांना तसेच ओळखले, आणि ते मुख्यतः एका माणसाच्या लेखणीमुळे. विल्यम हेन्री स्लीमन हा कॉर्नवॉल प्रांतात १७८८ साली जन्मलेला, ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतून मुलकी कारभारात आलेला अधिकारी. १८२२ च्या सुमारास तो नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहू लागला. आपल्या जिल्ह्यात होणारी प्रत्येक चोरी आपल्याला कळते अशी त्याची समजूत होती. पुढे त्याला कळले की आपल्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावरील कंदेली गावात ठगांची एक टोळी राहत होती, आणि नरसिंहपुराहून एका मजलेवरील मंडेसूरची आमराई ही त्यांची प्रेते पुरण्याची मोठी जागा होती. या लज्जेतून त्याच्या आयुष्याचे कार्य जन्मास आले असे मला वाटते. हिंदुस्थानातील लोकांविषयी त्याला कळवळा होता, त्याने इथल्या भाषा आस्थेने शिकल्या होत्या, आणि त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्यास जागा नाही. जे अनर्थ घडले ते या प्रामाणिकपणाला धरूनच घडले, हे ध्यानी ठेवणे अवश्य आहे.

१८३० च्या अखेरीस फिरंगिया हा ठगांचा तरुण, देखणा, ब्राह्मण कुळातील जमादार पकडला गेला. जीवदानाच्या अटीवर तो माफीचा साक्षीदार होण्यास कबूल झाला. स्लीमनचा तळ त्या वेळी सागर शहरानजीक सलोहदा येथील आमराईत पडला होता. या झाडांखाली प्रेते आहेत, असे फिरंगिया म्हणाला. स्लीमनचा विश्वास बसेना. फिरंगियाने बोट दाखविले तेथे खणावयास लावले, तेव्हा हाडे निघाली. आणखी एका ठिकाणी खणले, तेथेही निघाली. अमुक जागी एक पंडित आणि त्याची माणसे, अमुक जागी एक हवालदार आणि त्याचे शिपाई, असे तो एखाद्या कुळकर्ण्याने खातेवही वाचावी तसे सांगत गेला. आणि त्यांतील काही मृतांवर साहेबाचा स्वतःचा तंबू उभा होता, ज्यात त्याची पत्नी आदल्या रात्री निजली होती. ज्याने हा अनुभव घेतला त्याला यापुढे कोणतीही गोष्ट असंभाव्य वाटली नसती.

आणि मग फिरंगिया व त्याचे सोबती जे बोलत गेले ते सारे स्लीमनने लिहून घेतले. देवी पूर्वी ठगांनी मारलेल्यांची प्रेते स्वतः भक्षण करीत असे. एकाने मागे वळून पाहिले तेव्हा तिने ते सोडले, परंतु कृपा म्हणून आपला दात कुदळीसाठी, बरगडी सुरीसाठी आणि पदराचा काठ रुमालासाठी दिला. कुदळीचे पूजन, मोहिमेपूर्वीचे शकुन, हत्येनंतर वाटला जाणारा अभिमंत्रित गूळ, असे तपशील आले. वेरूळच्या लेण्यांत जगातील सर्व धंदे कोरलेले असून त्यांत आपलाही आहे, फास टाकण्यापासून पुरण्यापर्यंत सारे तेथे पाहावयास मिळते, असेही हे लोक अभिमानाने सांगत. १८३० च्या ऑक्टोबरात, फिरंगिया हाती येण्यापूर्वीच, स्लीमनने कलकत्त्याच्या एका साहित्यपत्रात निनावी पत्र लिहून विंध्याचलच्या देवीचे मंदिर हेच या साऱ्या हत्यांचे केंद्र असून तेथील पुजारीच टोळ्यांना वाटा नेमून देतात असा आरोप केला होता. या पत्राने सरकार हलले. १८३५ साली स्लीमन ठगीनिर्मूलनाचा प्रमुख अधीक्षक झाला, आणि १८३६ साली 'रामसियाना' हा त्याचा ग्रंथ कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. त्यात ठगांच्या बोलीचा कोश आहे, संभाषणे आहेत, वंशवृक्षदेखील आहेत.

या संभाषणांचे आपण मराठी मुलखातील माणसांनी थोडे शांतपणे परीक्षण केले पाहिजे, कारण त्यांतील पुष्कळ गोष्टी आपल्याला अपरिचित नाहीत. दसरा झाला, शेतीभाती घरात आली, की सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस निघावयाचे, हा मराठी सैन्याचा शेकडो वर्षांचा परिपाठ. ठगांच्या टोळ्याही त्याच ऋतूत निघत, कारण नद्यांना उतार पडल्यावाचून कोणासच निघता येत नसे. खंडेनवमीला शिपाई तलवार पूजतो, सुतार करवत पूजतो, कारकून दऊत-लेखणी पूजतो. कुदळीने पोट भरणाऱ्याने कुदळ पुजली. भवानीचा कौल घेतल्याशिवाय घराबाहेर पाऊल न टाकणारे कोट्यवधी लोक या देशात होते आणि आहेत. त्यांतील काही खुनी होते म्हणून खून हा भवानीचा आदेश ठरत नाही. शिवाय ठगांत निम्म्याच्या जवळपास माणसे मुसलमान होती, आपली मूळ सात कुळे मुसलमानांचीच असे ते सांगत, आणि तीही देवीला मानीत. हा पंथ नव्हे. जे सर्वांचे होते तेच यांचेही होते. हिरालाल गुप्त यांनी १९५९ साली या प्रकरणाची कागदपत्रांच्या आधारे कठोर छाननी केली, स्ट्यूअर्ट गॉर्डन यांनी १९६९ साली माळव्यातील राज्यव्यवस्थेच्या अंगाने तिचा विचार केला, राधिका सिंघा यांनी कायद्याच्या अंगाने, आणि किम वॅग्नर यांनी २००७ साली जमीनदार व बेकार शिपाई यांच्या संबंधांतून. ठग नव्हतेच असे म्हणणे मात्र मला पटत नाही. सलोहद्याची हाडे नाकारता येणार नाहीत. टोळ्या होत्या, खून होते, बोली होती. नव्हता तो सर्व देशभर पसरलेला, एका मंदिरातून चालविलेला, रक्ताने वारसा देणारा धर्म. तो स्लीमनच्या जबलपूरच्या कचेरीत, जीव वाचविण्यासाठी बोलणारी माणसे आणि ऐकण्यास आतुर झालेला अधिकारी यांच्यामध्ये आकारास आला.

गिरडची आठवण मला येते ती या ठिकाणी. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड गावालगतच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. फकीर इ. स. १२४४ च्या सुमारास येथे आले अशी परंपरा आहे, आणि हिंदू-मुसलमान दोघांच्याही नवसांची ही जागा शतकानुशतके गजबजलेली आहे. टेकडीवर गोलसर दगड विखुरलेले आढळतात. लाव्ह्याच्या काळ्या खडकातील पोकळ्यांत कालांतराने साचलेली ही खनिजे होत. परंतु लोककथा सांगते की लदेणी घेऊन चाललेल्या दोन बंजारा व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, तेव्हा त्यांच्या गोण्यांतील नारळ आणि इतर सारा माल दगड झाला. व्यापाऱ्यांनी पाय धरले. फकिरांनी वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला, आणि ते दोघे पुढे न जाता तेथेच सेवेस राहिले. टेकडीवरील दोन कबरी त्यांच्याच असे सांगतात. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या १९१६ च्या आपल्या ग्रंथात ही कथा नोंदविली आहे.

या टेकडीला ज्यांचे नाव आहे त्या बाबा फरीदांचे पट्टशिष्य म्हणजे १३२५ साली दिवंगत झालेले दिल्लीचे निजामुद्दीन औलिया, आणि ठगांच्या जबान्यांत हेच औलिया आपल्यापैकी एक थोर ठग होते असा दावा येतो! त्यांच्या खानकाहात रोज शेकडो मुखे जेवत. उत्पन्नाचे साधन तर दिसत नसे. तेव्हा त्यांना अदृश्य हातातून धन मिळे अशी श्रद्धा भाविकांत पसरली होती, आणि ठगांनी त्या अदृश्य धनाचा अर्थ आपल्या परीने लावला. स्लीमनने या दाव्याला गंभीरपणे घेतले. वेरूळच्या शिल्पांत आपला धंदा पाहणारी, औलियांना आपल्या पंक्तीस बसविणारी ही माणसे स्वतःसाठी एक प्रतिष्ठित वंशावळ रचीत होती. प्रत्येक जात रचते, प्रत्येक घराणे रचते. ऐकणाऱ्याने ती पुरावा म्हणून दप्तरात दाखल करून घेतली. गिरडच्या भाविकांनी वाटेवरच्या परक्या व्यापाऱ्याची कथा जतन केली ती त्याच्या पश्चात्तापासह. कचेरीच्या दप्तरात पश्चात्तापाला रकाना नव्हता.

कारण कायदा तसाच झाला. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने असे ठरविले की, ठगांच्या टोळीत कधीही, कोठेही, कंपनीच्या हद्दीत अथवा हद्दीबाहेर, सामील असल्याचे सिद्ध झाले एवढ्याने जन्मठेप सक्तमजुरीची शिक्षा द्यावी. अमुक माणसाने अमुक खून केला हे दाखविण्याची गरज उरली नाही. आणि सामील असल्याचा पुरावा म्हणजे बहुधा माफीच्या साक्षीदाराची जबानी. १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ इसमांचा निकाल लागला, त्यांत ४१२ फाशी गेले आणि ४८३ माफीचे साक्षीदार झाले. त्या साक्षीदारांना जीव मिळाला, मोकळीक मिळाली नाही. जबलपूरच्या उद्योगशाळेत त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी तंबू शिवले, गालिचे विणले. त्यांनी विणलेला एक भव्य गालिचा विंडसरच्या राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीकडे गेला.

जबान्या मात्र समुद्र ओलांडून मोकळ्या फिरल्या. निजामाच्या चाकरीत असलेल्या आणि पुढे नळदुर्गास राहिलेल्या मेडोज टेलर याची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी १८३९ साली लंडनला गाजली. पाचसहा वर्षांत एझेन स्यू याने पॅरिसमध्ये आपल्या 'भटक्या यहुदी' या कादंबरीत फिरंगिया नावाचेच पात्र आणले, आणि त्यानंतर अर्ध्या शतकाने साल्गारीने सुंदरबनात आपले मंदिर खणले.

इकडे ठगी खात्याने दरोडेखोरांचे काम अंगावर घेतले, आणि टोळी जन्मावरून ओळखता येते हा विचार कायद्यात मुरत गेला. 'रामसियाना'त मुलतानी ठगांची एक शाखा वर्णिली आहे. ती बायकामुलांसह, बैल घेऊन, बंजाऱ्यांच्या वेषात फिरते आणि आपल्या पुढाऱ्यास नायक म्हणते असे तेथे सांगितले आहे. वेष ज्यांचा घेतला त्यांच्यावरच संशय चिकटला. मोगलांच्या आणि मराठ्यांच्या फौजांना ज्यांनी हजारो बैलांवरून धान्य पुरविले, मीठ आणि नारळ ज्यांच्यामुळे गिरडसारख्या आडगावापर्यंत पोचले, त्या तांड्यांचा धंदा रेल्वेने बुडविला होताच. १८७१ च्या सत्ताविसाव्या कायद्याने संबंध जमातींना गुन्हेगार म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारने घेतला. नोंदवही, हजेरी, हद्दीबाहेर जाण्यास परवाना. आणि पाळण्यातले मूल हे भावी आरोपी.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत चालला. त्यानंतर या जमातींस विमुक्त हे नाव मिळाले, आणि महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या सूचीत बंजाऱ्यांचाही समावेश झाला. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक याच समाजातून आले आणि १९६३ पासून ११ वर्षांहून अधिक काळ त्यांनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सांभाळले. तरीही तांड्यावरचा मुलगा आज जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. आणि ज्याचा आजा बैलांमागे चालत एका गावाहून दुसऱ्या गावी जात होता, त्याने तो कोणत्या गावच्या दप्तरातून आणावा याचे उत्तर त्या कचेरीतील कारकुनापाशीही नसते.